पहारेकऱ्याला रजा देण्यापूर्वी

वेबसाइटची फाईल योग्य जागी आहे, ती वाचण्याची परवानगीही दिलेली आहे. तरी सर्व्हर ती दाखविण्यास नकार देतो. फेडोरा किंवा रेड हॅट या लिनक्स प्रणालींवर असे घडले की संशय 'एसईलिनक्स' या सुरक्षा-व्यवस्थेवर जातो आणि 'ते बंदच करून टाका' असा सल्ला मिळतो. हा सल्ला कितपत योग्य आहे, याचा येथे थोडक्यात विचार करू.

एसईलिनक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडविले, २००० साली सर्वांसाठी खुले केले आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात सामावले गेले. जुन्या पद्धतीत फाईलचा मालकच तिची परवानगी ठरवितो आणि 'रूट'ला सारी दारे मोकळी असतात. एसईलिनक्स मात्र प्रत्येक फाईलला आणि चालू प्रोग्रामला एक चिठ्ठी लावते. कोणत्या चिठ्ठीने कोणत्या चिठ्ठीला हात लावावा, याचे नियम ठरलेले असतात. त्यामुळे सर्व्हर एखाद्या घुसखोराच्या ताब्यात गेला, तरी त्याला सगळ्या घरात हिंडता येत नाही.

मग अडते कोठे ? आपल्या खाजगी फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलविलेली फाईल जुनीच चिठ्ठी घेऊन येते. सर्व्हरला ती परकी वाटते. 'रिस्टोरकॉन' ही आज्ञा दिली की चिठ्ठी बदलते आणि काम सुरळीत होते. पुष्कळदा दुखणे एवढेच असते !

तेवढ्याने भागले नाही, तर 'सेटएन्फोर्स ०' ही आज्ञा द्यावी. मग पहारेकरी कोणाला अडवीत नाही, फक्त वहीत नोंद करतो. संगणक पुन्हा सुरू केला की मूळची व्यवस्था परत येते. 'सेमॅनेज'च्या साहाय्याने एकाच प्रोग्रामपुरती अशी सूट देता येते. तीच मला अधिक शहाणपणाची वाटते.

संपूर्ण बंद करणे हा शेवटचा मार्ग. रेड हॅटच्या ९ व्या आवृत्तीपासून त्यासाठी प्रणाली सुरू होतानाच गाभ्याला 'एसईलिनक्स=०' असे सांगावे लागते. त्या काळात निर्माण झालेल्या फाईलींना चिठ्ठ्या लागत नाहीत. म्हणून व्यवस्था पुन्हा चालू करताना साऱ्या डिस्कवर नव्याने चिठ्ठ्या लावाव्या लागतात.

तात्पर्य, पहारेकरी आपल्याला का अडवितो, हे आधी त्याच्या वहीत वाचावे. कारण कळल्यावर त्याला रजा देण्याची गरज बहुधा उरत नाही.