आभासी वास्तवातील ड्रमवादनाचे तालखेळ : खेळाडूंच्या मतांचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
वाद्य वाजविणे आणि वाद्य वाजविण्याचा खेळ खेळणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे सर्वमान्य आहे. तथापि आभासी वास्तवाच्या तंत्रज्ञानाने या दोहोंमधील सीमारेषा बरीच पुसट केली आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवून, दोन्ही हातांत कंट्रोलर धरून, प्रत्यक्षात नसलेल्या ड्रमवर संगीताच्या लयीत आघात करावयाचे, असे या खेळांचे स्वरूप असते. हे खेळ खेळणाऱ्यांची मते पाहिली असता एक विसंगती ठळकपणे जाणवते. एकच खेळ काहींना खऱ्या ड्रमच्या अगदी जवळ जाणारा वाटतो, तर काहींना तो निव्वळ हवेत हात मारण्याचा प्रकार वाटतो. दोन्ही मते प्रामाणिक असतील, तर त्यांच्यातील विरोधाचा उलगडा कसा करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. संगीत विभागासाठी अशी साधने घ्यावीत किंवा कसे, याचा विचार करताना खेळाडूंची मते हाच सर्वांत सहज हाती येणारा पुरावा असतो. त्याचे वाचन चुकले, तर निरुपयोगी साधनावर खर्च होईल किंवा उपयुक्त साधन विनाकारण नाकारले जाईल.

पूर्वपीठिका :
तालखेळांचा इतिहास पाहताना १९९६ मध्ये जपानमध्ये सोनी प्लेस्टेशनसाठी आलेल्या 'पॅरापा द रॅपर' या खेळाचा उल्लेख करावा लागतो. त्यात लयीत बटणे दाबावयाची असत. १९९९ मध्ये कोनामी या कंपनीने 'ड्रममॅनिया' हा खेळ आणला. त्यात ड्रमसारखे पॅड आणि पायाने दाबावयाचे पेडल होते. २००१ मध्ये नामको कंपनीचा 'तायको नो तात्सुजिन' हा खेळ आला. त्यात जपानी तायको वाद्याची प्रतिकृती समोर असते. पडद्यावर लाल खूण आली की वाद्याच्या मध्यभागी आणि निळी खूण आली की कडेवर आघात करावयाचा असतो. २००७ मध्ये हार्मोनिक्स या अमेरिकी कंपनीच्या 'रॉक बँड'ने चार पॅड व एक पेडल असलेला ड्रमसंच घराघरांत नेला.

ड्रमच्या या सर्व खेळांत एक गोष्ट समान होती. दृश्य पडद्यावरचे असले, तरी ज्यावर काठी आपटावयाची तो पृष्ठभाग खरा होता. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले आणि २०१८ मध्ये प्रागच्या बीट गेम्स या संस्थेचा 'बीट सेबर' हा खेळ अल्पावधीत लोकप्रिय झाला. त्यात खेळाडू प्रकाशाच्या तलवारींनी समोरून येणारे ठोकळे लयीत कापतो. तलवार ठोकळ्यातून आरपार जाणे हे कापण्याच्या क्रियेशी सुसंगत असल्यामुळे हाताला अडथळा न होणे तेथे फारसे खटकत नाही. ठोकळ्याच्या जागी ड्रम आला की स्थिती पालटते. ड्रम ही आरपार जाण्याची नव्हे, तर काठीला थांबवून परत पाठविणारी वस्तू आहे. पुढील मतभेदांचे मूळ या फरकात आहे.

खेळाचे स्वरूप :
या प्रकारातील दोन खेळ विशेष परिचित आहेत. 'रॅग्नारॉक' हा वानादेव स्टुडिओ या फ्रेंच संस्थेचा खेळ २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू व्हायकिंग जहाजावरचा वादक असतो. समोर चार ड्रम असतात, त्यांच्या दिशेने खुणा सरकत येतात आणि हातांतील हातोड्यांनी योग्य क्षणी आघात करावयाचा असतो. वल्हेकरी त्या तालावर जहाज हाकतात. अचूक आघातांनी साठलेली ऊर्जा वापरून जहाजाला जादा वेग देता येतो. पायांना येथे काम नाही. त्याच वर्षी पोटॅमवर्क्स या फ्रेंच संस्थेचा 'स्मॅश ड्रम्स' हा रॉक संगीतावरील खेळ आला. दोहोंतही खेळाडूच्या हातांत असतात ते केवळ कंट्रोलर. त्यांतील कंपन आघाताची सूचना देते, परंतु हाताला थोपवू शकत नाही.

खेळाडूंच्या मतांचे वर्गीकरण :
अशा खेळांविषयी वारंवार व्यक्त होणारी मते स्थूलमानाने चार गटांत विभागता येतात.

(अ) तल्लीनतेविषयीची मते : या गटातील मते बहुधा अनुकूल असतात. पडद्यासमोर बसण्याऐवजी संगीताच्या मध्यभागी उभे असल्याचा भास, संपूर्ण देहाचा सहभाग आणि आघाताबरोबर सृष्टीत काही घडणे, या गोष्टी खेळाडूंना भावतात. 'रॅग्नारॉक'मध्ये आघाताचे फळ केवळ गुणांच्या आकड्यात न दिसता जहाजाच्या वेगात दिसते, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे.

(आ) अचूकतेविषयीची मते : आपण योग्य क्षणी आघात केला, तरी खेळाने तो चुकीचा ठरविला, ही तक्रार येथे मोडते. बिनतारी हेडफोन वापरल्यास आवाज उशिरा पोहोचतो, हे त्याचे एक परिचित कारण आहे. हेडसेटवरील कॅमेऱ्यांच्या साहाय्याने हातांचा मागोवा घेणाऱ्या यंत्रणेत हात कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राबाहेर गेला, तर त्याचे स्थान चुकू शकते, हे दुसरे.

(इ) उसळीविषयीची मते : खऱ्या ड्रमवर काठी आपटली की ती उसळून परत येते. आभासी ड्रमवर तसे होत नाही. ज्यांना ड्रम वाजविता येतो, त्यांच्या मतांत या उणिवेचा उल्लेख प्राधान्याने येणे स्वाभाविक आहे.

(ई) श्रमाविषयीची मते : काहींना हा खेळ उत्तम व्यायाम वाटतो, तर काहींचे हात व खांदे लवकर थकतात. ही दोन्ही मते वस्तुतः एकाच कारणाची दोन रूपे आहेत. प्रत्येक आघातानंतर हात स्वतःच्या स्नायूंच्या बळावर उचलावा लागतो. उसळीने होणारे निम्मे काम येथे वादकावर येऊन पडते.

मतभेदाचे कारण : आघाताचा क्षण :
वरील (आ) आणि (इ) हे गट सामान्यतः वेगळे मानले जातात. एक यंत्राचा दोष, तर दुसरा स्पर्शाचा अभाव. परंतु सूक्ष्म विचार केल्यास ते परस्परांशी निगडित असल्याचे दिसून येते.

खऱ्या ड्रमवर आघाताचा क्षण कोण ठरवितो? तो ड्रमच ठरवितो. काठी पृष्ठभागाला भिडते, थांबते, ध्वनी उमटतो आणि हाताला धक्का जाणवतो. या चारही घटना वादकाच्या अनुभवात एकाच बिंदूवर येतात. आभासी ड्रममध्ये मात्र काठीचे टोक ठरलेला पृष्ठभाग ओलांडते, त्या क्षणी खेळ आघाताची नोंद करतो. हात त्या क्षणी थांबलेला नसतो. तो आणखी खाली जातो आणि स्नायूंनी आवरल्यावर थांबतो. ज्या वादकाच्या सवयीत हात थांबणे हाच आघात असतो, त्याच्या दृष्टीने आघात तेथे झालेला असतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, काठीचे टोक पृष्ठभागाशी सेकंदाला ५ मीटर वेगाने पोहोचले आणि सारख्या गतीने मंदावत १० सेंटिमीटर खाली जाऊन थांबले. या अंतरासाठी लागणारा काळ ४० मिलीसेकंद येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा काळ ५०० मिलीसेकंद आणि त्याच्या चतुर्थांशाचा १२५ मिलीसेकंद असतो. म्हणजे जलद चौपटीत दोन आघातांमध्ये जेवढे अंतर असते, त्याच्या जवळजवळ एकतृतीयांशाने खेळाडूच्या जाणिवेतील क्षण आणि खेळाने नोंदविलेला क्षण यांत तफावत पडते. आघात जितका खोल जाईल, तितकी ती वाढेल. यंत्रणेत कोणताही बिघाड नसताना खेळाडूला खेळ चुकतो आहे असे का वाटावे, याचे एक उत्तर येथे मिळते.

मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर बोटाने ठोका देताना बहुतेक व्यक्तींचा ठोका काही मिलीसेकंद आधी पडतो आणि प्रशिक्षित वादकांत हे अंतर कमी असते, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत दिसून आले आहे. सारांश, आघाताच्या क्षणाची जाणीव ही घड्याळासारखी निरपेक्ष नसून ती सरावाने घडते. नवख्याची सवय अद्याप घडलेली नसल्यामुळे तो खेळाचाच क्षण प्रमाण मानतो व त्याला खेळ खरा वाटतो. निष्णात वादक हातात मुरलेल्या क्षणाशी त्याची तुलना करतो व त्याला तो खोटा वाटतो. दोघेही आपापल्या परीने बरोबरच सांगत असतात.

मतांच्या मर्यादा :
खेळाडूंची मते पुरावा म्हणून वापरताना दोन गोष्टींचे भान आवश्यक आहे. पहिली, मत नोंदविणारे हे सर्व खेळणाऱ्यांचे प्रतिनिधी नसतात. ज्यांना हेडसेटमुळे मळमळ झाली आणि ज्यांनी पहिल्याच दिवशी खेळ सोडला, त्यांचे मत बहुधा नोंदलेच जात नाही. दुसरी, मत किती सरावानंतर दिले, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. आरंभी खेळ चुकतो असे म्हणणारा काही काळाने समाधानी झाला, तर खेळ सुधारला असे मानण्यापूर्वी खेळाडूच्या हाताने खेळाचा क्षण आत्मसात केला काय, हे तपासले पाहिजे. म्हणून 'खेळ कसा वाटला' या प्रश्नापूर्वी 'पूर्वी कोणते तालवाद्य वाजविले आहे' आणि 'किती तास खेळलात' हे दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

शैक्षणिक दृष्टिकोन :
आपल्याकडील तालशिक्षणाच्या संदर्भात हा भेद अधिक स्पष्ट करता येतो. तबल्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी वाद्याला हात लावण्यापूर्वीही बोलांची पढंत करतो आणि हाताने ताल दाखवितो. त्रितालाच्या १६ मात्रांत ९ व्या मात्रेवर खाली येते. तेथे टाळी न देता हात केवळ हवेत फिरविला जातो. म्हणजे हवेतील हात तालशिक्षणाला परका नाही. उलट खालीतील रिकामी हालचालही अर्थपूर्ण असते. वर वर्णन केलेल्या खेळांत मात्र दोन खुणांमधील मोकळ्या काळाला काहीच मूल्य नसते.

दुसरीकडे, बोलाचा निकास ही गोष्ट वाद्यावर प्रत्यक्ष हात पडल्याशिवाय साध्य होत नाही. ताशावर काड्यांची उसळी हातात आल्याशिवाय जलद तर्री निघत नाही, हे कोणताही ताशावादक सांगेल. लय मोजणे आणि आघात घडविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. तालखेळ पहिल्याचा काही अंशी सराव देतात, दुसऱ्याचा देत नाहीत. 'पॅराडिडल' हे आभासी ड्रमवादनाचे उपयोजन खऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाशी जोडता येते, हे या दृष्टीने बोलके आहे. त्यात दृश्य आभासी ठेवून पृष्ठभाग पुन्हा खरा करण्यात आला आहे.

निष्कर्ष :
१) आभासी ड्रमवादनाच्या खेळांविषयीची परस्परविरोधी मते ही खेळाडूंच्या पूर्वानुभवातील भेदांमुळे निर्माण होतात. त्यांची सरासरी काढल्यास हा भेदच नाहीसा होतो.
२) अचूकतेविषयीच्या सर्व तक्रारी यंत्राच्या विलंबामुळे नसतात. उसळीच्या अभावी आघाताचा क्षणच अनिश्चित होतो, हेही त्यांचे कारण असू शकते.
३) लयीची ओळख, दोन्ही हातांचा समन्वय आणि संकोच दूर होणे यांसाठी हे खेळ उपयुक्त ठरू शकतात. आघाताचे तंत्र शिकविण्यासाठी मात्र त्यांच्यावर विसंबता येणार नाही.
४) साधनाची निवड करताना नवख्या विद्यार्थ्याच्या उत्साहाला आणि अनुभवी वादकाच्या आक्षेपाला, दोहोंनाही स्थान द्यावे. पहिल्यावरून विद्यार्थी त्या साधनाकडे पुन्हा वळेल की नाही हे कळते, तर दुसऱ्यावरून त्याला पुढे कोणत्या वाद्याकडे आणि केव्हा न्यावे लागेल हे कळते.