माळाचं वजन किती?

माण, आटपाडी, जतच्या माळावर दिवाळीनंतर चालून पाहा. धोतर असो की जीन्स, घरी येऊन कुसळं वेचत बसावं लागतं. ही कुसळी गवताची देणगी. कोवळं असताना मेंढ्या ते आवडीनं खातात, पिकलं की तेच लोकरीतून कातडीत शिरतं. त्यामुळे नुसतं ‘गवत आहे’ म्हणून भागत नाही.

दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मुख्य प्रकार मांडले. त्यात आपला दख्खनचा माळ शेडा-मारवेल या गवतांचा. चराई अती झाली की ही चवदार गवतं आधी संपतात, कुसळी पसरते.

माळावर चारा किती, हे मोजायची रीत सोपी. एक चौरस मीटरची चौकट ठिकठिकाणी टाकायची, आतलं गवत कापून, वाळवून तोलायचं. (चौकट डोळे मिटून टाकावी, हात हिरव्याकडेच वळतो!) समजा, सरासरी १०० ग्रॅम भरलं, तर हेक्टरी एक टन. त्यातलं निम्मं पुन्हा फुटण्यासाठी राखायचं. तीस किलोच्या मेंढीला रोज साधारण किलोभर सुकी वैरण लागते. म्हणजे हेक्टरभर माळ पाच मेंढ्यांना शंभर दिवस पुरेल. जतच्या माडग्याळ मेंढ्या उंच, अंगानं दांडग्या. त्यांना दिवस कमीच धरावेत.