डाव्या हाताची कमाई

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंचीवर आहे, नांदेड साधारण 360 वर. मधला रस्ता 140 किलोमीटरच्या आसपास. बालाघाटाच्या पठारावरून गोदावरीच्या काठापर्यंतची ही उतरण कारवाल्याला कळतही नाही. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा अशी गावं मागे टाकत तो गाणी ऐकत निघून जातो. लातूरच्या गिरणीतून तूरडाळीची पोती भरून निघालेल्या दहाटायरीच्या चालकाला मात्र ती डाव्या तळहातात जाणवते. कुठे वरचा गिअर टिकतो, कुठे इंजिनाचा आवाज जड व्हायच्या आत एक खाली यायचं, कुठल्या चढाला आधीपासूनच जोर धरून जायचं, हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नसतं. परतीच्या खेपेला तोच रस्ता उलटा होतो आणि हिशेबही उलटा.

या डाव्या हाताला काम उरू नये अशी गाडी आता बाजारात आहे. क्लचचं पेडल नाही, गिअरचा दांडा नाही. डॅशबोर्डवर किंवा सीटशेजारी एक छोटा खटका: पुढे, न्यूट्रल, मागे. चालक तिला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. खरं तर आतला गिअरबॉक्स बव्हंशी जुन्याच जातीचा असतो, तेच दातेरी चक्र आणि तोच क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते, आणि ते कधी करायचं हे संगणक ठरवतो. या प्रकाराला एएमटी म्हणतात. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली तेव्हा मध्यमवर्गाला हे नाव कळलं. मोठ्या ट्रकांत व्होल्वोने आपला बारा गिअरांचा आय-शिफ्ट 2001 मध्येच आणला होता. युरोपात आज नवा अवजड ट्रक घेताना हाताने बदलायचा गिअर मागणारं गिऱ्हाईक विरळंच. आपल्याकडे टाटा, आयशर, भारतबेंझ यांनी काही अवजड मॉडेलांना एएमटी दिला आहे. भारतबेंझने 2024 मध्ये तो बांधकाम आणि खाणकामाच्या टिपरांना बसवला. खाणीत ही गोष्ट नवी नाही. नांदेडहून यवतमाळच्या अंगाला गेलं की वणी-चंद्रपूरचा कोळशाचा पट्टा लागतो. अशा खाणींत चालणाऱ्या अजस्र डंपरांचा गिअर कित्येक दशकांपासून आपोआपच बदलतो.

मग ट्रकवाल्याला तो का नको असतो? ‘सवय नाही’ हे शहरात बसून दिलेलं उत्तर अर्धवट आहे. सवय माणूस आठवड्यात बदलतो. पॉवर स्टिअरिंग आलं तेव्हा कुणी जुनं जड चाक परत मागितल्याचं ऐकिवात नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्यावर कुरकुर झाली ती किमतीची. चालकांनी ‘आम्हाला उकाडाच बरा’ असं काही म्हटलं नाही. आरामाला विरोध नाहीच. गिअरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे चालकाची कमाई अडकलेली आहे.

टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा करार 1954 चा. त्या काळापासूनच्या जुन्या गाड्या ज्यांनी चालवल्या त्यांच्या बोलण्यात ‘डबल क्लच’ हमखास येतो. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर अॅक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा पुढच्या घरात सरकवायचा. आत वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एका गतीवर यावेत म्हणून हा सगळा खटाटोप. चुकलं की ‘खर्र’ आवाज येतो आणि शेजारी बसलेला वस्ताद पोराच्या पाठीत धपाटा घालतो. पुढे सिंक्रोमेश गिअरबॉक्स आले, गरज संपली. पण चढावर भरल्या गाडीत खालचा गिअर टाकताना अनेक जुन्या हातांकडून तो ठोसा आजही आपसूक दिला जातो.

हे शिक्षण किन्नराच्या जागेवर व्हायचं. पोरगा आधी टायर ठोकायचा, काच पुसायचा, मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचा. मग कधीतरी मार्केट यार्डात रिकामी गाडी चार हात पुढे घ्यायला मिळायची. आडतीच्या दुकानांमधल्या गल्लीत, हमालांच्या पाठीमागून, हाफ क्लचवर इंचाइंचाने गाडी फलाटाला लावता आली की तो ड्रायव्हर होण्याच्या वाटेवर. आता खर्च परवडत नाही म्हणून कित्येक मालकांनी किन्नरच बंद केला आहे. चालक एकटाच जातो. म्हणजे शाळा बंद पडली आणि शिकलेले हात मात्र मालकाला हवेतच. ऑटोमॅटिकची खरी जाहिरात या अडचणीत आहे. नवा पोरगा त्यावर लवकर तयार होतो, क्लच प्लेट जाळत नाही आणि चढावर गाडी मागे घसरू देत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात हा वाद एकाच खेपेत दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतो. फडातून उसाने भरलेला ट्रक बाहेर काढणं हे मराठवाड्याच्या काळ्या मातीतलं वेगळंच काम आहे. वरून रान सुकलेलं दिसतं, खाली ओल असते. मागची जोडी रुतली की चालक पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत, क्लचच्या बेतावर गाडी झुलवतो. चाक खड्ड्याच्या काठावर आलं की नेमक्या त्या क्षणी जोर. तो क्षण पायाला कळतो. ऑटोमॅटिकचा संगणक चाक घसरतंय हे ओळखतो, पण पुढे-मागे करताना मध्ये श्वास घेतो, आणि तेवढ्यात गाडी पुन्हा खड्ड्यात. महागड्या परदेशी ट्रकांत यासाठी वेगळी सोय असते. उसाच्या फडात तो ट्रक येत नाही. तिथे बहुधा दोन-तीन मालक पाहून आलेली जुनी गाडी असते.

तीच खेप कारखान्यावर पोचली की पारडं फिरतं. भाऊराव चव्हाण साखर कारखाना असो की मांजरा, हंगाम भरात असताना गव्हाणीपर्यंतची रांग तासन्‌तास चालते. पुढची गाडी एक लांबी सरकली की आपण सरकायचं. क्लच, पहिला, ब्रेक, न्यूट्रल. पुन्हा क्लच. अवजड गाड्यांच्या क्लचला आता हवेची मदत असते, तरी रात्रभर हे केलं की डावा गुडघा सकाळी बोलतो. पन्नाशीच्या पुढचे चालक ऑटोमॅटिकबद्दल चांगला शब्द काढतात तो इथे, किंवा हैदराबादच्या गर्दीत सापडल्यावर.

आता डिझेलकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. अनेक मालक खेपेला डिझेल ठरवून देतात. इतके किलोमीटर, इतका माल, इतकं लिटर. त्यात बसवून वर वाचवलं तर ते चालकाचं, किंवा निदान त्याचं नाव ‘अॅव्हरेज काढणारा माणूस’ म्हणून होतं. असा माणूस मालकाला सोडवत नाही, आणि शेजारचा मालक त्याला फोन करत राहतो. हे अॅव्हरेज निघतं गिअरमधून. इंजिन आरपीएमच्या हिरव्या पट्ट्यात ठेवायचं, चढाआधी वेग जमवायचा, गरजेपेक्षा एक गिअर खाली अडकून राहायचं नाही. चांगला एएमटी हेच करतो, आणि सगळ्यांसाठी सारखंच करतो. मालकाच्या दृष्टीने हा फायदा, कारण नवशिक्या आणि मुरलेला यांच्या अॅव्हरेजमधली दरी मिटत जाते. मुरलेल्याच्या दृष्टीने नेमकी तीच त्याची पुंजी. वीस वर्षांत हातात बसलेलं कसब गाडीसोबत फुकट मिळू लागलं, तर पगार वाढवून मागताना तो काय दाखवणार?

त्यात न्यूट्रलचा जुना झगडा आहे. उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायची आणि डिझेल वाचवायचं ही सवय महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटाने पाहिली आहे. तिची किंमतही. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर गाड्यांची रांगच्या रांग चेपली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. भरल्या गाडीला इंजिनाचा आवर नसला की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे जाणाऱ्याला हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक इंजिनात हिशेबच बदलला आहे. गिअर चालू ठेवून अॅक्सिलरेटर सोडला तर डिझेलचा फवारा बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना डिझेल जातंच. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रल धोक्याचंही आणि तोट्याचंही.

मात्र सौम्य, लांबलचक उतारावर गाडी मोकळी सोडली तर ती जास्त पुढे जाते, हे जुन्या चालकांचं म्हणणंही खोटं नाही. गंमत अशी की परदेशी एएमटी ट्रकांत हीच युक्ती ‘इको-रोल’ नावाने विकली जाते. सौम्य उतार ओळखून संगणक स्वतःच गिअर सोडतो आणि वेग वाढू लागला की पुन्हा धरतो. माणसाने केलं तर बेजबाबदारपणा आणि यंत्राने केलं तर तंत्रज्ञान, असं कुणी चिडून म्हणालं तर त्याला पटेल असं उत्तर देणं सोपं नाही. फरक आहे तो पुन्हा धरण्यात: यंत्र दमत नाही आणि पहाटे तीनला त्याला डुलकी येत नाही.

चालकांची सगळ्यात रास्त तक्रार चढाची आहे. संगणकाला फक्त आत्ताचा क्षण कळतो. वेग किती, इंजिनावर भार किती, पाय किती दाबलेला. समोर वळणाआड चढ आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून चढ लागायच्या जरा आधी तो निवांतपणे वरचा गिअर टाकून बसतो, मग गाडी जड झाली की घाईने दोन खाली येतो, आणि त्या बदलाच्या क्षणभरात भरलेल्या गाडीची सगळी धाव मरते. नेहमीच्या रस्त्यावरचा चालक असं कधी करणार नाही. युरोपात नकाशावरून पुढचा चढ वाचून आधीच गिअर बदलणाऱ्या गाड्या आहेत. आपल्याकडच्या गाडीत चालकाला खटका ‘मॅन्युअल’वर नेऊन स्वतः गिअर धरून ठेवता येतो. ही सोय नीट शिकवली तर निम्मी भांडणं मिटावीत. पण गाडी ताब्यात देताना चाव्या आणि पेढे यांच्यापलीकडे कुणी फार बोलत नाही.

आणि बिघाड. एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या, त्यांच्यासोबत ‘युरिया’ची वेगळी टाकी आणि सेन्सरांचं जाळं आलं. एक सेन्सर रुसला की इंजिन ताकद आखडून घेतं आणि चाळीस टनी गाडी भर रस्त्यात गोगलगाय होते. इलेक्ट्रॉनिक्सवरचा अविश्वास चालकांनी तिथे कमावला आहे. हातगिअरची क्लच प्लेट गेली तर बाह्यवळणावरचा मिस्त्री जॅक आणि साखळी-कप्पी लावून बॉक्स खाली घेतो, प्लेट बदलतो, संध्याकाळपर्यंत गाडी हलते. एएमटीत हवेची नळी गळाली किंवा वायरिंगला उंदराने कुरतडलं, तर मिस्त्री हात वर करतो: कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत थांबा. माल सोयाबीन असेल तर पोती भिजायची चिंता, टोमॅटो असतील तर विचारायलाच नको.

कायद्याला या सगळ्याशी देणंघेणं नाही. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यावर ‘बिनगिअरची’ अशी वेगळी नोंद असते, अवजड वाहनाच्या परवान्यावर नाही. अमेरिकेत ऑटोमॅटिक ट्रकवर चाचणी दिलेल्याच्या परवान्यावर तशी मर्यादा लिहितात आणि त्याला हातगिअरचा ट्रक चालवता येत नाही. इथे ऑटोमॅटिकवर तयार झालेला पोरगा उद्या नोकरी बदलून जुन्या नऊ गिअरांच्या गाडीवर, कागदोपत्री पूर्ण पात्र म्हणून, बसू शकेल. त्याच्या शेजारी किन्नर नसेल आणि वस्तादही नसेल.

लातूर-नांदेडच्या लहान मालकांपुढचा प्रश्न आणखी साधा आहे. इथे एक-दोन गाड्यांचे मालक पुष्कळ, आणि त्यांच्यातले बरेच जण जुनी गाडी घेतात. जुनी गाडी बघायला जाताना मिस्त्री सोबत असतो आणि त्याची परीक्षा ठरलेली असते. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना आवाज येतो का, लोडमध्ये गिअर सुटून आपोआप न्यूट्रलला येतो का, क्लच किती वर धरतो, बॉक्सचं ऑइल काढलं तर त्यात लोखंडाचा चकचकीत चुरा दिसतो का. तासाभरात निकाल आणि त्यावर घासाघीस. ऑटोमॅटिकपुढे हा मिस्त्री परीक्षा घ्यायची कशी म्हणून अडतो, आणि मिस्त्री अडला की गिऱ्हाईकही हात आखडता घेतं. नवी गाडी बुक करणारा मोठा मालक पुण्याचा असो की हैदराबादचा, त्याला हे ठाऊक असतं. चार-पाच लाख किलोमीटर चालवून गाडी काढायची वेळ येईल तेव्हा ती लोह्याचा नाहीतर अहमदपूरचा माणूस घेईल का, हा विचार करूनच तो गिअरबॉक्सच्या रकान्यात खूण करतो.