बुडालेल्या खोऱ्यांतली नौका

ओमानच्या उत्तर टोकाला, होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेल्या मुसंदममध्ये किनारा असा फारसा उरलेलाच नाही. हजर पर्वताचे करडे, चुनखडीचे कडे थेट पाण्यात उतरतात. या भागाला ‘अरबस्तानचे नॉर्वे’ म्हणतात, ते मला पटत नाही. नॉर्वेच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या. इथे अरबी भूपट्ट युरेशियाखाली सरकत गेला, जमीन खचली आणि दऱ्यांत समुद्र शिरला. अशा खाडीला अरबीत ‘खोर’ म्हणतात. आपल्या खोऱ्याशी त्या शब्दाचे नाते असो वा नसो, जागा मात्र बुडालेल्या खोऱ्याचीच आहे.

या खोरांत हिंडायचे ते लाकडी नौकेतून. खसब बंदरातून ती निघते. पादत्राणे काढून ठेवायची, गालिच्यावर लोडाला टेकून बसायचे. मग काहवा येतो, खजूर येतो. परदेशी माणूस तिला ‘धाव’ म्हणतो. अरब दर्यावर्दी मात्र बांधणी पाहून नाव घेतो: बूम, सांबुक, बतील. मराठी कानाला इथे घरचेच शब्द भेटतात. सुकाणूला अरबीत ‘सुक्कान’, आपल्या नाखव्याचा मूळपुरुष ‘नाखुदा’. माल वाहता वाहता या नौकांनी शब्दही वाहून नेले.

त्यांचे लाकूडही बहुतेक आपल्या किनाऱ्याकडून जाई. मलबारचा साग, नारळाचा काथ्या. आधी बरगड्या उभारून त्यावर फळ्या ठोकायच्या, ही युरोपची रीत. इथला सुतार कागदावर आराखडा न काढता नजरेच्या मापाने आधी फळ्यांचे कवच उभे करी आणि बरगड्या मागाहून बसवी. खिळे रूढ होण्याआधी फळ्या काथ्याने शिवल्या जात. शिवलेले अंग लाटेच्या माराला थोडे लवते, म्हणून टिकते. कुमझार गावच्या बतीलच्या नाळेवर तर कवड्यांच्या माळा चढत. आज शीड गेले, डिझेलचे इंजिन आले. घरघर सोसावी लागते, पण चाल तीच संथ राहिली आहे, आणि हे कडे बघायला तीच हवी.

खोर शम हा सर्वांत लांब, सुमारे १६ किलोमीटरचा. डॉल्फिन नौकेच्या नाळेला लागून पळतात. मधोमध मकलब बेट. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीहून इराणच्या आखातात १८६४ साली टाकलेल्या तारेचे ठाणे इथे होते. चारेक वर्षांत ते उठले; चौथरे आहेत. उन्हाळ्यात हे कडे भट्टीसारखे तापतात. त्या दगडावर बसून दुसऱ्यांचे निरोप पुढे धाडणाऱ्या माणसांचा विचार मनातून जात नाही.

कड्याच्या पायथ्याशी नदीफी, कनाहा अशी मूठभर घरांची गावे दिसतात. तिथे रस्ता जात नाही. पिण्याचे पाणीसुद्धा समुद्रावरूनच येते. पाहुण्यांची नौका वळून खसबकडे निघते. पाण्याची बोट कनाह्याच्या धक्क्याला लागते.