विश्लेषण : चोडणच्या खारफुटीत कयाकिंग, भरतीचे गणित का महत्त्वाचे?

पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. बेटाच्या पश्चिम टोकावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या अरुंद खाड्यांतून वल्हवत जाण्याचे पर्यटकांना आकर्षण असते. मात्र येथे वेळ पर्यटकाच्या सोयीने नव्हे, तर पाण्याच्या तालावर ठरवावी लागते.

कयाक आणि कनू यांत फरक काय?

कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे वापरतात. कनू वरून उघडी असते. तिचे वल्हे एकाच पात्याचे असते.

काय दिसते?

१९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे आहे. कांदळ, तिवर, चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, निवट्या, खंड्या आणि बगळे येथे दिसतात. आवाज न करणाऱ्या होडीतून पक्षी जवळून पाहता येतात.

भरतीचा संबंध कसा?

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. ओहोटीत आतल्या खाड्यांचे पाणी ओसरते आणि होडी चिखलात रुतते. गुडघाभर चिखलात उतरून ती ओढणे धोक्याचे असते.

कोकणातील मच्छीमारांचा ठोकताळा सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमेला (१५) ती सव्वाअकराच्या सुमारास येते. म्हणजे नऊ वाजता निघाल्यास चढत्या पाण्याबरोबर आत जाऊन भरतीला परत फिरता येते. अष्टमीला (८) मात्र भरती सहाला, तर ओहोटी दुपारी बाराला. त्या दिवशी नऊला निघणारा पाणी ओसरतानाच आत शिरतो. ठोकताळ्यावर विसंबून न राहता भरतीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे.

आणखी कोणती काळजी?

दुपारी समुद्रावरून येणारा वारा वाढतो. मुख्य पात्रात वारा आणि ओढ समोरून आल्यास नवख्याची दमछाक होते. पट्टे घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट आणि स्थानिक वाटाड्या हवाच. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे. त्यामुळे पाण्यात हातपाय सोडू नयेत. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनेच जावे आणि पावसाळ्यात हा बेत टाळावा.