मवाळ की जहाल? मतदाराला घराबाहेर कोण काढतो?



निवडणूक जवळ आली की गावच्या पारावर एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, "अहो, आपला उमेदवार फार मऊ बोलतो. अशानं कोण कामधंदा सोडून मत द्यायला जाणार? काही मोठं मागा, ठणकावून बोला, मग बघा माणसं कशी उठतात!" दुसरा म्हणतो, "तसं नाही बुवा. फार ताणलं की काठावरची माणसं पलीकडं जातात. चार लोकांना पटेल तेच बोलावं." चहाचे कप रिकामे होतात, पण वाद काही मिटत नाही. आज आपण तो थोडा हिशेबानं सोडवून पाहू.

मवाळ आणि जहाल हे शब्द महाराष्ट्राला नवे नाहीत. नामदार गोखले मवाळ, लोकमान्य टिळक जहाल, आणि १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये दोहोंची फूट पडली, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण तो वाद परक्या सरकारशी कसं वागावं याबद्दलचा होता. त्या काळी सामान्य माणसाला मतच नव्हतं. त्यामुळे हे दोन मार्ग मतपेटीच्या तराजूवर कधी तोलले गेले नाहीत. तो तोल पाहायचा असेल तर अमेरिकेकडे पाहावं. तिथं दीडशेहून अधिक वर्षं डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोनच मोठ्या पक्षांत सामना होतो, आणि पुरोगामी उमेदवार द्यावा की मध्यममार्गी, यावर डेमोक्रॅटिक पक्षात आजही कडाक्याचं भांडण चालतं.

तिथली रीत आधी समजून घेऊ. अमेरिकेत एका पक्षाचा उमेदवार पुष्कळदा पक्षाचे पुढारी ठरवत नाहीत. पक्षाचे मतदारच एक प्राथमिक निवडणूक करून तो ठरवतात. मग खरी निवडणूक नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी होते. त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. बहुतेक राज्यांत मतदाराला आपलं नाव आधी नोंदवावं लागतं. त्यामुळे घरी राहणाऱ्यांची संख्या मोठी. २०१४ साली, म्हणजे अध्यक्षाची निवड नसलेल्या वर्षी, शंभरातले सुमारे ३७ जणच मतदानाला आले. अध्यक्ष निवडायचा असतो तेव्हा हा आकडा साठीच्या पुढे जातो. तरीही शंभरातले पस्तीस-चाळीस जण घरीच राहतात. या घरी बसलेल्यांना उठवायचं, की मधल्या माणसांना वळवायचं, हाच त्या भांडणाचा गाभा आहे.

आता हिशेब मांडू. शिक्षक बंधुभगिनींनी हा फळ्यावर जरूर मांडावा. समजा, एका गावात हजार मतं आहेत. तीनशे पक्की तुमची, तीनशे पक्की समोरच्याची. दोनशे माणसं मधली. ती येतात, पण कुणाला मत देतील याचा नेम नाही. उरलेली दोनशे घरी बसणारी. घरातला एक माणूस उठवून आणलात, तर तुमचं एक मत वाढलं. पण मधला एक माणूस, जो तुम्हाला मत देणार होता, तो उठून समोरच्याकडे गेला, तर तुमचं एक कमी झालं आणि त्याचं एक वाढलं. फरक पडला दोनाचा. तराजूच्या एका पारड्यातलं वजन काढून दुसऱ्यात टाकल्यासारखं हे आहे.

आता तुमचा उमेदवार जहाल निघाला. त्यानं घरी बसलेली ६० माणसं उठवली. शाबास! पण त्याच्या बोलण्यानं मधली ४० माणसं बिचकून पलीकडे गेली. तो फरक झाला ८० मतांचा. शिवाय त्याचं भाषण ऐकून समोरच्या बाजूची घरी झोपलेली ३० माणसंही धसका घेऊन मतदानाला आली. साठातून ऐंशी वजा आणि तीस वजा करा. पन्नास मतांचा तोटा! आणि तुमच्या सभेला तर गर्दी मावत नव्हती.

हा हिशेब नुसता फळ्यावरचा नाही. १९६४ साली रिपब्लिकन पक्षानं बॅरी गोल्डवॉटर या कडव्या उजव्या विचाराच्या गृहस्थांना उभं केलं. त्यांच्या पाठीराख्यांना वाटे, आजवर मिळमिळीत उमेदवार दिले म्हणून आपले लोक घरी बसले. आता खरा माणूस दिला की ते बाहेर पडतील. निकाल काय लागला? ५० पैकी ४४ राज्यं लिंडन जॉन्सन यांनी जिंकली, आणि शंभरातली ६१ मतं त्यांना पडली. पुढं १९७२ साली तोच डाव उलट्या बाजूनं पडला. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न पुरोगामी होते. व्हिएतनामचं युद्ध थांबवा, लष्करी खर्च कापा, असं त्यांचं म्हणणं. आदल्याच वर्षी मतदानाचं वय १८ वर आणलं होतं, म्हणून तरुणांवर मोठी भिस्त होती. पण नव्यानं हक्क मिळालेल्या त्या तरुणांतले सुमारे निम्मे आलेच नाहीत, आणि निक्सन यांनी ४९ राज्यं घेतली. आता हे खरं की, जॉन्सन आणि निक्सन दोघेही गादीवर बसलेले अध्यक्ष होते आणि त्यांची हवा चांगली होती. सगळा दोष विचारांच्या टोकाला देता येणार नाही.

म्हणूनच विद्वानांनी एकदोन उदाहरणांवर न थांबता पुष्कळ निवडणुका एकत्र तपासल्या. अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००६ ते २०१४ पर्यंतच्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका पाहिल्या. जिथं पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत टोकाचा उमेदवार थोडक्या मतांनी जिंकला आणि जिथं तो थोडक्या मतांनी हरला, अशा जागा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. आढळलं ते असं की, टोकाचा उमेदवार दिला की मतदानाला आलेल्यांत त्याच्या पक्षाच्या लोकांचा वाटा वाढत नाही, उलट घटतो. तो आपल्यांपेक्षा समोरच्यांनाच अधिक उठवतो!

मग पारावरचा दुसरा गृहस्थ जिंकला म्हणायचं का? थांबा, इतकी घाई नको.

२०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षानं पुरोगामी बर्नी सँडर्स यांना बाजूला ठेवून हिलरी क्लिंटन यांना निवडलं. देशभरात त्यांना २८ लाखांहून अधिक मतं जास्त पडली. पण अमेरिकेत अध्यक्ष राज्यवार हिशेबानं ठरतो. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्यं मिळून अवघ्या ७८ हजारांच्या आसपास मतांनी गेली, आणि डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. ट्रम्प काही मवाळ नव्हते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांची जीभ तिखट होती, तरी म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन आणि औषधोपचाराची सरकारी मदत यांना हात लावणार नाही, असं ते सांगत. या बाबतीत ते आपल्या पक्षातल्या पुष्कळांपेक्षा मधल्या वाटेवर होते. म्हणजे बोलण्याचा तिखटपणा आणि मागण्यांचं टोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची फार लवकर गल्लत करतो.

२०२० साली मात्र डेमोक्रॅटिक पक्षानं जो बायडन हे सौम्य, जुन्या वळणाचे गृहस्थ उभे केले. त्यांच्यासाठी कोण उठणार, अशी थट्टा होई. प्रत्यक्षात शंभरातले सुमारे ६६ लोक मतदानाला आले. १९०० सालानंतर एवढं मतदान तिथं झालं नव्हतं. बायडन यांना ८ कोटी १२ लाखांवर मतं पडली, ट्रम्प यांना ७ कोटी ४२ लाख. पुष्कळ जण बायडनांवरच्या प्रेमानं नव्हे, तर ट्रम्प पुन्हा नकोत म्हणून आले होते, आणि ट्रम्प यांची माणसंही तितक्याच ईर्ष्येनं आली. एका माणसानं दोन्ही वाडे जागे केले.

आता नोव्हेंबर २०२५ मधलं उदाहरण घ्या. एकाच दिवशी त्या एकाच पक्षाचे दोन तऱ्हेचे उमेदवार उभे होते. व्हर्जिनिया राज्यात गव्हर्नरच्या जागेसाठी ॲबिगेल स्पॅनबर्गर या मध्यममार्गी बाई, आणि न्यूयॉर्क शहरात महापौरपदासाठी झोहरान ममदानी हे स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे तरुण. स्पॅनबर्गर शंभरात सुमारे पंधरा मतांच्या आघाडीनं आल्या. ममदानी निम्म्याहून थोडी अधिक मतं घेऊन आले. त्या शहरात वीस लाखांवर लोकांनी मत दिलं, आणि महापौराच्या निवडणुकीत असं १९६९ नंतर प्रथमच घडलं. दोघांनीही जिंकलं, तेव्हा मवाळ बरा की जहाल बरा?

शेतकऱ्याला याचं उत्तर सांगायला नको. जमीन पाहून बियाणं निवडावं. न्यूयॉर्क शहर मुळातच त्या पक्षाकडे झुकलेलं. तिथं बिचकून पलीकडे जाणारे थोडे, आणि घरी बसलेले आपले पुष्कळ. व्हर्जिनियात वस्ती मिसळ. तिथं मधल्या माणसाचं वजन मोठं. पण दोघांच्या बोलण्यात एक धागा समान होता: महागाई. घरभाडं, किराणा, विजेचं बिल, रोजचा खर्च. माणसाला आपल्या घरच्या खर्चाची वही उमेदवाराच्या भाषणात दिसली, की तो उमेदवार कोणत्या टोकाचा हे तो फारसं विचारत नाही.

आणखी एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. १९९८ साली येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर एक प्रयोग केला. काहींच्या दारात जाऊन समक्ष सांगितलं, मतदानाला या. काहींना टपालानं पत्रकं धाडली, काहींना फोन केले. दारात गेलेल्यांचा परिणाम ठळक दिसला, पत्रकांचा थोडा, आणि फोनचा जवळजवळ नाहीच. ममदानींच्या बाजूनंही हजारो स्वयंसेवक दारोदार फिरत होते. म्हणजे घरी बसलेला माणूस उठतो तो पुष्कळदा विचारसरणीनं नव्हे, तर कुणी तरी आपल्या उंबऱ्याशी येऊन आपल्याला विचारलं म्हणून.

जहाल उमेदवाराचं काहीच मोल नाही, असं मात्र समजू नका. गोल्डवॉटर १९६४ साली धुऊन निघाले. पण त्यांच्या बाजूनं त्या वेळी दूरचित्रवाणीवर भाषण करणारे रोनाल्ड रेगन हे १९८० साली त्याच विचारांवर ४४ राज्यं जिंकून अध्यक्ष झाले. टोकाचा माणूस आजची निवडणूक हरतो, पण कधी कधी उद्याची मधली वाट कुठून जाईल हे ठरवून जातो. आज जिंकणं हे एक काम, लोकांचं मन वळवणं हे दुसरं. कोणतं काम हाती घेतलं आहे, हे उमेदवारानं ओळखलं पाहिजे आणि मतदारानंही.

यात आपला संबंध काय, असं तुम्ही विचाराल. शिक्षक मंडळींना तो सांगायला नको. मतदान केंद्रावर यादी समोर घेऊन दिवसभर बसणारे पुष्कळदा तेच असतात. संध्याकाळी यादीत खूण न झालेली नावं किती उरतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ती नावं ज्यांची, ती माणसं म्हणतात, "दोघंही सारखेच, जाऊन काय करायचं?" पण उमेदवार पुढच्या खेपेला बोलणी कुणाची ऐकतो? जे येतात त्यांची. मवाळ उमेदवार मधल्या माणसाकडे पाहतो, जहाल उमेदवार आपल्या कडव्या माणसाकडे पाहतो, आणि कधीच न येणाऱ्याकडे हळूहळू दोघंही पाहीनासे होतात. मग त्याच्या वस्तीचा रस्ता आणि त्याच्या मुलांची शाळा कुणाच्याच भाषणात येत नाही.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत पारावर हा वाद निघाला, की तीन प्रश्न विचारा. या बोलण्यानं आपले किती उठतील? समोरचे किती उठतील? आणि मधले किती इकडून तिकडे जातील? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय कुणाचंच म्हणणं खरं धरू नका. आणि वाद संपला, की शेजारच्या घरी जाऊन एवढंच विचारा, "उद्या मतदानाला येताय ना? चला, बरोबरच जाऊ."