गुलाबातली पावडर कोठून येते?

अंगाला लावायच्या पावडरीत पूर्वापार वापरले गेलेले टाल्क हे एक खनिज आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत ते मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट. शुद्ध टाल्क हुंगून पाहिले तर वास जवळजवळ येतच नाही. असे असूनही 'पावडरीचा वास' म्हटले की तो कसा असतो हे वर्गातले कोणतेही मूल सांगू शकते. वास पावडरीचा नाही, पावडरीत घातलेल्या सुगंधी द्रव्यांचा आहे. पूर्वी युरोपात चेहऱ्याच्या पावडरीला आयरिस नावाच्या वनस्पतीच्या वाळवलेल्या मुळांचा आणि व्हायोलेट फुलांसारखा वास देत असत. पुढे तेच वळण टाल्कच्या डब्यांनी उचलले. आपल्या मेंदूने तो वास आणि ती मऊ भुकटी यांची गाठ कायमची बांधून टाकली.

आता सोलापुरात विजापूर वेशीकडे किंवा अन्य कोठे अत्तराच्या दुकानात गेलो, तर गुलाब या एकाच नावाखाली दोन अगदी निराळे वास आपल्यापुढे येतात. एक ताज्या फुलाचा असतो. त्यात किंचित लिंबाची धार, थोडा हिरवटपणा, मधाचा गोडवा आणि मागे लवंगेची झाक असते. दुसऱ्यात या सगळ्या कडा बोथट झालेल्या असतात. तो कोरडा, मऊ, हलका गोड असतो, आणि पावडर लावलेल्या लहान मुलाला उचलून घेतल्यावर येतो तशा वासाचा. मराठीत वासाचे शब्द पुष्कळ आहेत: खमंग, उग्र, कुबट, खवट, आंबूस, करपट. पण या दुसऱ्या गुलाबाला नेमका शब्द नाही. चांदण्याला लावतो तो 'पिठूर' किंवा फळाला लावतो तो 'पिठूळ' हा शब्द येथे चालावा असे आम्हांस वाटते.

हा पिठूळपणा गुलाबात बाहेरून आणून घातलेला असतो, की तो मुळात गुलाबातच असतो? उत्तर दोन्हीकडे झुकते.

बल्गेरियन गुलाबतेलाचे पृथक्करण पूर्वीच झाले आहे. त्यात सिट्रोनेलॉल सुमारे ३८ टक्के आणि जिरॅनिऑल १४ टक्के असते. ही दोन्ही अल्कोहोले आहेत आणि दोन्हींना गुलाबाचा वास आहे. मग गुलाबाचा वास म्हणजे यांचाच, असे कोणीही म्हणेल. पण नाक वजनकाटा नव्हे. प्रत्येक द्रव्याचा एक उंबरठा असतो. त्याहून कमी प्रमाण असेल तर वास येत नाही. पाण्यातील सिट्रोनेलॉलचा उंबरठा एक अब्ज भागांत सुमारे ४० भाग आहे. गुलाबतेलात बीटा-डॅमॅसेनोन नावाचे एक द्रव्य फक्त ०.१४ टक्के असते, पण त्याचा उंबरठा एक अब्ज भागांत ०.००९ भाग इतका खाली आहे. आता फळ्यावर भागाकार करावा. ३८ भागिले ४० म्हणजे ०.९५. ०.१४ भागिले ०.००९ म्हणजे सुमारे १५.६. चिमूटभर डॅमॅसेनोन ढीगभर सिट्रोनेलॉलच्या सोळापट भरले!

याच यादीत अगदी तळाशी आणखी एक नाव आहे: बीटा-आयोनोन, अवघे ०.०३ टक्के. त्याचा उंबरठा ०.००७. भागाकार केला तर उत्तर सुमारे ४.३ येते, म्हणजे तेही सिट्रोनेलॉलच्या चौपटीहून अधिक. (अशा भागाकारांची बेरीज करून संपूर्ण वास मिळतो असे मात्र नाही, द्रव्ये एकमेकांना झाकतात आणि खुलवतातही.) आयोनोनचा वास कसा असतो? व्हायोलेटसारखा, आयरिसच्या मुळांच्या जवळ जाणारा. म्हणजेच पावडरीचा. फुलाच्या अंगात पावडर होतीच, फक्त सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल यांच्या गर्दीत ती वेगळी ओळखू येत नव्हती. अत्तर तयार करणारा ती वाढवतो, जोडीला व्हॅनिलासारखी गोड द्रव्ये आणि कस्तुरीच्या जातीची कृत्रिम द्रव्ये घालतो, लिंबाची धार कमी करतो, आणि पिठूळ गुलाब तयार होतो.

हे आयोनोन आपल्याला वाटते तितके परके नाही. १८९३ मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनज्ञांनी ते प्रथम प्रयोगशाळेत बनवले. त्यासाठी लागणारे सिट्रल म्हणजे आपल्या परसातल्या गवती चहाच्या तेलाचा मुख्य घटक. सिट्रल आणि ॲसिटोन यांचा संयोग घडवायचा आणि मिळालेल्या पदार्थावर आम्लाची क्रिया करायची, की आयोनोन तयार होते. वनस्पतीची वाट वेगळी आहे. ती कॅरोटिनासारख्या रंगद्रव्यांचे तुकडे करून आयोनोन आणि डॅमॅसेनोन मिळवते. गाजराला केशरी करणाऱ्या द्रव्याच्या कुळातून गुलाबाचा वास निघावा, हे आम्हांला अजूनही नवलाचे वाटते. कारखान्यांत हेच बीटा-आयोनोन 'अ' जीवनसत्त्व तयार करण्यासाठीही वापरतात.

पिठूळ गुलाबाचा 'मऊ'पणा मात्र बऱ्याच अंशी आणखी एका द्रव्यामुळे येतो, आणि ते सोलापूरकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातले वडजी हे गाव गुलाबाच्या शेतीसाठी ओळखले जाते. गुलाबाच्या पाकळ्यांचे बाष्प-ऊर्ध्वपातन केले की वर तेलाचा तवंग आणि खाली गुलाबपाणी मिळते. फेनिलइथाइल अल्कोहोल हे फुलातले एक प्रमुख द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, म्हणून ते तेलात न जाता बहुतांशी गुलाबपाण्यात उतरते. लग्नाच्या मांडवात गुलाबदाणीतून अंगावर उडतो तो मधासारखा सौम्य वास प्रामुख्याने याचा. एक किलो तेलासाठी साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, तेव्हा दहा-वीस रुपयांच्या कुपीत खरे गुलाबतेल नसणार हे उघड आहे. पण म्हणून ती कुपी 'खोटी' ठरते का? आमच्या मते नाही. कारखान्यात बनलेले फेनिलइथाइल अल्कोहोल आणि पाकळीतले फेनिलइथाइल अल्कोहोल यांचा रेणू एकच आहे. नैसर्गिक म्हणून सांगून कृत्रिम विकले तर ती फसवणूक, एवढाच मुद्दा.

असे अत्तर अंगावर कसे उतरत जाते ते आता पाहू. अत्तर म्हणजे निरनिराळ्या वेगाने उडून जाणाऱ्या द्रव्यांचे मिश्रण. लिंबासारखी धार देणारी द्रव्ये पहिल्या काही मिनिटांत जातात. गुलाबाची अल्कोहोले तास दोन तास टिकतात. आयोनोन त्यांच्यामागून रेंगाळते, आणि सर्वांत शेवटी कस्तुरीच्या जातीची जड द्रव्ये राहतात. गॅलॅक्सोलाइड हे त्यांपैकी एक. त्याचा रेणुभार २५८, तर फेनिलइथाइल अल्कोहोलाचा १२२. पण २५ अंश सेल्सिअसला त्यांच्या बाष्पदाबांत शंभरपटीहून अधिक अंतर आहे. त्यामुळे पिठूळ गुलाब वेळ जाईल तसा अधिकाधिक पिठूळ होत जातो. दुकानात मनगटावर लावून पहिल्या मिनिटालाच त्याची पारख करणे म्हणजे नाटकाची नांदी ऐकून नाटकाविषयी मत देणे होय.

यात सोलापूरच्या हवेचा हिशोबही धरायला हवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे पारा १८ अंशांच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी तो ४२ अंशांवर जातो. या जातीच्या द्रव्यांचा बाष्पदाब दर दहा अंशांना दुपटीहून थोडा अधिक वाढतो. १८ पासून ४२ पर्यंत तो सुमारे सातपट होतो. म्हणजे सुती टॉवेलावर लावलेले जे अत्तर यात्रेत दिवसभर पुरते, ते मेमध्ये दुपारच्या आतच विरून जाईल. त्वचेवर मात्र एवढा फरक पडत नाही, कारण त्वचेचे तापमान बाराही महिने ३२ ते ३५ अंशांच्या जवळपास राहते. त्यातून अत्तराचे फुंकर मारल्यासारखे पसरणे हवे असेल तर त्वचा बरी, आणि टिकणे हवे असेल तर थंडीतले कापड बरे. जुन्या पद्धतीत गुलाबाची वाफ चंदनाच्या तेलात उतरवीत. चंदनतेल सावकाश उडते आणि इतर द्रव्यांनाही लवकर उडू देत नाही. ते महाग झाल्यापासून अनेक ठिकाणी दुसरे गंधहीन तेलकट द्रव वापरतात.

शिक्षकांना खरी अडचण येईल ती नाकांची. आयोनोन काही वेळ हुंगले की नाक त्याला सरावते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो, थोड्या वेळाने तो पुन्हा येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट २०१३ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवली. घ्राणग्राहक घडवणाऱ्या एका जनुकात एकाच अक्षराचा फरक असेल तर काही माणसांना बीटा-आयोनोनचा फुलासारखा वास येतो, आणि काहींना तो फार अधिक प्रमाण असल्याशिवाय येतच नाही, आला तरी आंबट, शिर्क्यासारखा लागतो. कस्तुरीच्या द्रव्यांचेही असेच, ती न जाणवणारी माणसे सर्वत्र आढळतात. तेव्हा एखादी मुलगी "सर, मला काहीच वास येत नाही" म्हणाली, तर ती लक्ष देत नाही असे समजून तिला खाली बसवू नये. ती कदाचित वर्गातले सर्वांत अचूक निरीक्षण सांगत असेल.

प्रयोग सोपा आहे. गाळण कागदाच्या पट्ट्यांवर गुलाबपाणी, ताज्या वासाचे गुलाब अत्तर आणि पिठूळ अत्तर यांचा एकेक थेंब घ्यावा. पट्ट्यांवर नावे न लिहिता खुणेचे आकडे घालावेत. लगेच, दहा मिनिटांनी, तासाने, शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी त्या हुंगाव्यात आणि एकमेकांशी न बोलता नोंद करावी. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांना नोंदवहीचे काम द्यावे, अत्तर कोणाच्याही अंगावर लावू नये. नोंदीसाठी रकाने तीन असावेत: वास आला, आला नाही, वेगळाच आला. तिसऱ्या रकान्यात काय वाटले ते मुलांच्या शब्दांत लिहून घ्यावे. हाच प्रयोग जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलच्या अखेरीस केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या पट्ट्यांना वास उरला याचे उत्तर बदलेल.